संदर्भ देऊनही संपादन का उलटवलं जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की विकिपीडियावर एका शास्त्रज्ञाच्या लेखात तुम्ही चार परिच्छेद घातले, प्रत्येकाच्या शेवटी संदर्भ दिला, तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते सगळं उलटवलं, म्हणजे काढून लेखाची आधीची आवृत्ती परत आणली, आणि कारण म्हणून एवढंच लिहिलं की "विश्वसनीय संदर्भ नाहीत". मग संदर्भ म्हणजे नक्की काय द्यायचं आणि विश्वसनीय कोण हे ठरवतं कोण. तुम्ही दिलेले चारही संदर्भ मी उघडून बघितले. एक ब्लॉग, एक यूट्यूब व्हिडिओ, एक इंग्रजी विकिपीडियाचा लेख, आणि चौथी एका वर्तमानपत्राची लिंक जी बातमीवर न जाता थेट होमपेजवर जाते. उलटवणाऱ्याचं चुकलेलं नाहीये. पण त्यानं दोन ओळी जास्त लिहून समजावलं असतं तर बरं झालं असतं, नवीन माणसं अशानंच निघून जातात आणि आपल्याला माणसं हवी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बरीच वर्षं मी 'अलीकडील बदल', म्हणजे विकिपीडियावर नुकत्याच झालेल्या संपादनांची यादी, तपासतोय आणि त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो, बहुतेकांचा क्रमच उलटा असतो. आधी डोक्यातलं वाक्य लिहून टाकतात आणि मग त्याला चिकटवायला लिंक शोधत बसतात. गुगलमध्ये ते वाक्य टाकायचं, पहिल्या पानावर जे दिसेल ते लावायचं, झालं काम. असं केलं की जे सापडतं ते तुमच्या वाक्याशी जुळणारं असतं, चांगलं असेलच असं नाही. क्रम असा पाहिजे की आधी चांगला स्रोत शोधून तो वाचायचा, त्यात जेवढं लिहिलंय तेवढंच आपल्या शब्दांत मांडायचं, आणि लिहितानाच तिथला पत्ता देऊन टाकायचा. वाचलं नाही ते लिहायचं नाही. ऐकायला फार साधं वाटतं पण तुमच्या चारही संदर्भांची अडचण इथूनच सुरू झालीये.

विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून तिथं कुणीही लिहू शकतं. तुम्ही त्या विषयाचे प्राध्यापक असाल, त्या शास्त्रज्ञाचे विद्यार्थी असाल, प्रसंगाच्या वेळी स्वतः हजर असाल, वाचकाला त्यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त एक सदस्यनाव दिसतं. त्यामुळे "मला माहितीये" याला तिथं किंमत नाही, आणि हा अपमान नाहीये, सगळ्यांना सारखाच नियम आहे. वाचकाला ते तपासता आलं पाहिजे, बस. यावरून वाद झाला तर संदर्भ देण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्याची किंवा काढलेला मजकूर परत आणणाऱ्याची असते, काढणाऱ्यानं तो खोटा आहे हे सिद्ध करून दाखवायचं नसतं. बरेच जण चर्चा पानावर "चुकीचं आहे हे तुम्ही दाखवा" म्हणून भांडतात, तिथं ते हरणारच.

आणि तळटीप दिसली म्हणजे संदर्भ झाला असंही नाही. याचं एक उदाहरण सांगतोच कारण ते आपल्या इतिहासाशी जोडलेलं आहे. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख आला, बिचोलिम म्हणजे आपलं डिचोली. १६४० ते १६४१ या काळात गोव्यातले पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध पेटलं, शेवटी तह झाला, असं सगळं व्यवस्थित लांबलचक वर्णन. लेख इतका नीटनेटका की त्याच वर्षी त्याला 'गुड आर्टिकल', म्हणजे संपादकांनी तपासलेला चांगला लेख, असा दर्जा मिळाला, आणि २०१२ च्या डिसेंबरपर्यंत म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ तो तिथं होता. असं युद्ध कधी झालंच नव्हतं. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, राज्याभिषेक १६७४ चा, मग मराठा साम्राज्य आलं कुठून? मराठी वाचणाऱ्या कुणाच्याही हे एका मिनिटात लक्षात आलं असतं. पण लेख तपासणाऱ्यांनी भाषा बघितली, मांडणी बघितली, तळटीपा आहेत हे बघितलं. शेवटी एका संपादकानं त्यात दिलेली पुस्तकं खरोखर शोधायला घेतली, तेव्हा कळलं की ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत. म्हणून कुणी तुमच्या तळटीपा उघडून बघत असेल तर राग मानू नका, तो त्याचं काम करतोय, आणि फार थोडे लोक ते करतात.

आता विश्वसनीय कोण. इथं लोकांना एक यादी हवी असते, हे चालतं हे चालत नाही अशी. इंग्रजी विकिपीडियावर वारंवार चर्चेला येणाऱ्या स्रोतांची तशी यादी आहेही, हिरवा पिवळा लाल अशा रंगांत, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या संपादकांनी चर्चा करून डेली मेल हे ब्रिटिश वृत्तपत्र संदर्भ म्हणून सहसा वापरायचं नाही असं ठरवलं तेव्हा त्याची बातमी जगभर झाली होती. पण यादी पाठ करून फार पुढं जाता येत नाही. मी स्वतः कुठलाही स्रोत समोर आला की बघतो, लिहिलंय कुणी, छापण्याआधी दुसऱ्या कुणी ते तपासलंय का, आणि ज्या वाक्यासाठी मी ते वापरतोय त्या विषयातलं त्यांना काही कळतं का. हे तिसरं सगळ्यात जास्त विसरलं जातं. एकच वर्तमानपत्र निवडणुकीच्या निकालासाठी उत्तम स्रोत असू शकतं आणि त्याच पेपरातलं "हे फळ खाल्ल्यानं मधुमेह बरा होतो" काही कामाचं नसतं. एकाच प्राध्यापकाचं विद्यापीठ प्रकाशनानं काढलेलं पुस्तक चालतं, त्यांचीच फेसबुक पोस्ट चालत नाही, माणूस तोच आहे पण पुस्तकाला संपादक होता, परीक्षक होते, पोस्टला कुणी नव्हतं.

तुमच्या ब्लॉगचं हेच झालं. ब्लॉग सरसकट बाद नसतो, एखाद्या विषयातला मान्यवर अभ्यासक ज्याचं त्याच विषयावरचं काम आधी चांगल्या जर्नलमध्ये किंवा प्रकाशनात छापून आलंय, त्याचा ब्लॉग जपून वापरता येतो, पण जिवंत माणसाबद्दल दुसऱ्या कुणी ब्लॉगवर लिहिलेलं अजिबात नाही. तुम्ही दिलेल्या ब्लॉगवर तर लेखकाचं नावच नाहीये. यूट्यूबचं म्हणाल तर यूट्यूब हा स्रोत नसून फक्त जागा आहे, व्हिडिओ कुणाच्या चॅनेलवरचा आहे ते बघायचं. एखाद्या वृत्तवाहिनीनं स्वतःच्या अधिकृत चॅनेलवर टाकलेली मुलाखत चालू शकते, तीच मुलाखत कापून जोडून भलत्याच कुणी टाकलेली चालत नाही. आणि चालणारी असली तरी कितव्या मिनिटाला ते वाक्य आहे ते द्या, दीड तासाचा व्हिडिओ वाचकानं पूर्ण बघावा अशी अपेक्षा करू नका.

दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया संदर्भ म्हणून कधीच चालत नाही, कारण तोही तुमच्याआमच्यासारख्यांनीच लिहिलेला आहे. भाषांतर खुशाल करा, पण संपादन सारांशात, म्हणजे जतन करताना काय बदललं ते लिहायच्या छोट्या टिपेत, मूळ लेखाची लिंक द्या म्हणजे मूळ लेखकांचं श्रेय राहतं, आणि त्या लेखाखालचे संदर्भ स्वतः उघडून वाचा आणि मगच इकडे आणा. तळटीपा आंधळेपणानं कॉपी केल्या की तिकडच्या चुका इकडे येतात आणि वर दोन भाषांत सापडतंय म्हणजे खरं असणार असं लोकांना वाटायला लागतं.

यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे वर्तुळ. कुणीतरी विकिपीडियावर विनासंदर्भ काहीतरी टाकतं, पत्रकार ते उचलतो, मग तीच बातमी विकिपीडियात संदर्भ म्हणून लागते. कोआटी नावाचा एक प्राणी आहे, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं गंमत म्हणून त्याच्या लेखात 'याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असंही म्हणतात' एवढं मनानं रचलेलं वाक्य घुसवलं. काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांत ते नाव छापून आलं, एका विद्यापीठ प्रकाशनाच्या पुस्तकातही गेलं, आणि मग संदर्भासकट त्या लेखात बसलं. २००९ मध्ये संगीतकार मॉरिस जार वारले तेव्हा एका आयरिश विद्यार्थ्यानं त्यांच्या तोंडी एक बनावट वाक्य विकिपीडियावर घातलं. विकिपीडियाच्या लोकांनी ते संदर्भ नाही म्हणून काढलंही, पण तोवर मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेखात ते छापलं होतं, आणि शेवटी त्या विद्यार्थ्यानंच पेपरांना कळवलं. म्हणून मी बातमी वापरण्याआधी लेखाच्या 'इतिहास' टॅबमध्ये जाऊन बघतो की ते वाक्य विकिपीडियात कधी आलं. बातमी त्यानंतरची असेल आणि शब्दही तेच असतील तर ती बातमी संदर्भ म्हणून नको, त्याहून जुनं काहीतरी शोधा. या कामाला पाच मिनिटं लागतात. काही जण विकिपीडियाचेच लेख बांधून पुस्तक म्हणून विकतात हेही ध्यानात ठेवा, मुखपृष्ठ आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असलं की ते खरं पुस्तक वाटतं, मजकूर विकिपीडियातला असल्याचा उल्लेख प्रस्तावनेत किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो.

वर्तमानपत्रांबद्दल अजून थोडं. बातमी, अग्रलेख, वाचकांचं पत्र आणि पैसे घेऊन छापलेला मजकूर हे चारही एकाच अंकात असतात आणि वेबसाइटवर तर सगळे सारखेच दिसतात. वर किंवा खाली कुठेतरी 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' लिहिलंय का बघा. अग्रलेख हे मत असतं, ते द्यायचं तर "अमुक दैनिकाच्या मते" असं वाक्यातच म्हणा. आणि पाच पेपरांत शब्दन् शब्द तोच मजकूर असेल तर ते पाच संदर्भ नाहीत, एकाच वृत्तसंस्थेची किंवा एकाच प्रसिद्धीपत्रकाची पाच रूपं आहेत, त्या वाक्याला पाच तळटीपा लावून वजन वाढत नाही, उलट मला तरी संशय येतो.

आता जरा बारीक गोष्ट, पण सगळ्यात जास्त चुका इथंच दिसतात: स्रोत चांगला असतो पण वाक्य त्याच्या पुढं गेलेलं असतं. स्रोतात लिहिलेलं असतं "सुरुवातीच्या काही संशोधकांपैकी एक", लेखात येतं "पहिले संशोधक". स्रोतात "मोठी", लेखात "सर्वात मोठी". पहिला, एकमेव, सर्वाधिक, जगप्रसिद्ध हे शब्द दिसले की मी तळटीप उघडतोच, आणि बहुतेक वेळा तो शब्द तिथं नसतो. तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातही हे आहे, ब्लॉगवर सुद्धा "एक महत्त्वाचे योगदान" एवढंच आहे.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे दोन खरे स्रोत जोडून तिसरीच गोष्ट काढणं. एव्हरेस्टची उंची घ्या. भारतीय सर्वेक्षणानं १९५५ मध्ये ८,८४८ मीटर सांगितली. चीननं २००५ मध्ये बर्फ सोडून फक्त खडकाची मोजली ती ८,८४४.४३ मीटर. मग डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. लेखात नुसतं "एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर आहे" असं लिहून चालतं, पण कुणी केव्हा मोजली हे वाक्यातच आलं तर जास्त चांगलं, म्हणजे उद्या नवीन आकडा आला तरी तुमचं वाक्य खोटं पडत नाही. आकड्यांत फरक दिसला की त्यातला एक निवडून बाकीचे लपवायचे नाहीत, कुणी काय मोजलं आणि बर्फ धरला की नाही तेही सांगायचं. आता कुणी १९५५ चा आकडा आणि २०२० चा आकडा घेऊन वजाबाकी केली आणि लिहिलं "पासष्ट वर्षांत एव्हरेस्ट ८६ सेंटिमीटरनं वाढला". दोन्ही आकडे बरोबर, दोन्हींना उत्तम संदर्भ, वजाबाकी पण बरोबर, आणि वाक्य तरीही चालणार नाही. कारण दोन्ही वेळची मोजायची साधनं वेगळी, पद्धत वेगळी, म्हणजे फरक डोंगराचा आहे की मोजणीचा हे त्या दोन स्रोतांपैकी कुणीच सांगितलेलं नाही, तो निष्कर्ष तुमचा आहे. साधी बेरीज वजाबाकी चालते, त्यातून अर्थ काढणं चालत नाही. तसा निष्कर्ष एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञानं छापलाय का ते शोधा, छापला असेल तर त्याच्या नावानं द्या.

प्राथमिक आणि दुय्यम स्रोत हा फरकही इथंच समजतो. त्या शास्त्रज्ञाचा मूळ शोधनिबंध, त्यांचं आत्मचरित्र, त्यांची मुलाखत, त्यांच्या संस्थेची वेबसाइट हे सगळं प्राथमिक. त्यातून "त्यांनी अमुक साली अमुक निबंध प्रसिद्ध केला" एवढं साधं विधान घेता येतं. पण तो निबंध क्रांतिकारक होता हे तुम्ही त्याच निबंधावरून म्हणू शकत नाही, त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी त्याचं मूल्यमापन केलेलं पाहिजे. संस्थेच्या साइटवरून स्थापनेचं वर्ष घ्या, "देशातील अग्रगण्य संस्था" हे घेऊ नका. आणि लेख मुळात असावा की नाही, म्हणजे उल्लेखनीयता, हेही दुय्यम आणि स्वतंत्र स्रोतांवरच ठरतं, माणसाच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या कितीही पानांनी ते ठरत नाही.

आरोग्याच्या विषयात नियम आणखी कडक आहेत आणि असायलाच पाहिजेत, लोक ते वाचून औषधं बदलतात. तिथं एखादा सुटा अभ्यास पुरत नाही, अनेक अभ्यासांचा आढावा घेणारे लेख किंवा मान्य संस्थांच्या मार्गदर्शक सूचना लागतात, त्याही शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतल्या. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा निबंध १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नामांकित जर्नलमध्ये आला होता, फक्त बारा मुलांवरचा, आणि २०१० मध्ये जर्नलनं तो मागे घेतला. नुसतं जर्नलचं नाव बघणाऱ्याला तो अजूनही भारी संदर्भ वाटेल. निबंध मागे घेतलाय का हे जर्नलच्या पानावरच लिहिलेलं असतं, बघायची सवय लावा. प्रीप्रिंट म्हणजे अजून कुणी तपासलेलं नाही, आणि पैसे भरले की काहीही छापणारी जर्नल्सही भरपूर झालीत.

जिवंत माणसांबद्दल एकच सांगतो. २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सिगेन्थेलर यांच्या लेखात कुणीतरी निनावीपणे लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं, आणि ते चार महिन्यांहून जास्त तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियानं खातं नसलेल्यांना नवीन लेख बनवायची सोय बंद केली आणि जिवंत व्यक्तींसाठीचा वेगळा नियम झाला. जिवंत माणसाबद्दलचा वादग्रस्त विनासंदर्भ मजकूर दिसला तर 'संदर्भ हवा' साचा (तशी खूण दाखवणारा तयार मजकूर) लावून थांबायचं नाही, लगेच काढायचा. तुमच्या चौथ्या परिच्छेदातला कौटुंबिक वादाचा भाग याच कारणानं गेला, तो परत आणू नका.

आता संदर्भ लिहायचा कसा. लेखक, शीर्षक, प्रकाशक किंवा दैनिक, तारीख, पान क्रमांक, आणि लिंक असेल तर लिंक, शिवाय ती कधी बघितली ती तारीख. नुसती लिंक टाकू नका, साइटची रचना बदलली की लिंक मरते आणि मग तिथं काय होतं कुणालाच कळत नाही. शीर्षक, दैनिक आणि तारीख असेल तर लिंक मेली तरी माणूस ग्रंथालयात जाऊन तो अंक काढू शकतो. तुमची चौथी लिंक याच रोगानं गेली, बातमी बहुधा खरी असणार पण मला ती सापडली नाही कारण तारीखच नाहीये. लिंक देतानाच वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, ते पान जतन करून ठेवा, 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकला की होतं, आणि तो जतन केलेला पत्ताही संदर्भाच्या साच्यात, म्हणजे ही सगळी माहिती भरायच्या तयार चौकटीत, द्या.

पुस्तकाचा पान क्रमांक टाळू नका. चारशे पानांचं पुस्तक नुसतं नाव लिहून संदर्भ म्हणून दिलं तर तपासणारा काय करणार? आवृत्तीही द्या, आवृत्ती बदलली की पानं सरकतात. गुगल बुक्समध्ये दोन ओळींचा तुकडा दिसतो त्यावरून संदर्भ देऊ नका, वरच्या ओळीत "असे काहींचे म्हणणे होते, परंतु ते चूक आहे" असं असेल तर तुम्हाला ते दिसणारच नाही. आणि जे स्वतः वाचलं त्याचाच संदर्भ द्या. एका पुस्तकात दुसऱ्या जुन्या ग्रंथाचा हवाला असेल तर तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचं नाव द्या आणि "त्यात उद्धृत" असं लिहून मूळ ग्रंथाचं नाव जोडा, न वाचलेला ग्रंथ थेट तळटीपेत घालू नका.

यथादृश्य संपादकात, म्हणजे पान जसं दिसतं तसंच संपादन करायच्या सोयीत, संदर्भाचं बटण आहे, त्यात लिंक, डीओआय (शोधनिबंधाचा ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन टाकलं की साचा आपोआप भरला जातो. फार सोयीचं आहे, मीही रोज वापरतो, पण भरलेलं वाचून मगच जतन करा. लेखकाच्या जागी "प्रतिनिधी" किंवा वेबसाइटचंच नाव येतं, छापल्याच्या तारखेऐवजी पान अद्ययावत केल्याची तारीख येते, शीर्षकाला पेपरचं नाव चिकटून येतं. आणि तळटीप ज्या वाक्याची आहे त्या वाक्याच्या शेवटी विरामचिन्हानंतर द्या, आठ वाक्यांच्या परिच्छेदाला शेवटी एकच नको. उद्या मध्येच कुणी नववं वाक्य घुसवलं तर तेही तुमच्याच संदर्भाच्या आश्रयानं बसून राहतं, आणि नंतर येणाऱ्याला वाटतं हेही त्याच पुस्तकातलं. एकच पुस्तक परत परत लागत असेल तर संदर्भाला नाव देऊन तेच पुन्हा वापरता येतं.

गेल्या काही वर्षांत एक नवीनच त्रास वाढलाय, एआयला विचारून आणलेले संदर्भ. चॅटबॉट लेखकाचं नाव, जर्नल, वर्ष, पान असं सगळं अगदी खरं वाटेल असं लिहून देतो आणि तो निबंध जगात कुठेच नसतो. तपासताना कळतं, डीओआय उघडला की भलत्याच विषयाचा निबंध येतो किंवा काहीच येत नाही, आयएसबीएनचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणितानं ठरतो तो जुळत नाही आणि साचा लाल अक्षरांत चूक दाखवतो, कधी लिंकच्या शेपटीलाच चॅटजीपीटीचं नाव लटकलेलं असतं. २०२५ पासून इंग्रजी विकिपीडियावर अस्तित्वात नसलेले संदर्भ असलेला, माणसानं न तपासलेला एआयचा लेख चर्चेशिवाय थेट काढता येतो. मला हे अगदी योग्य वाटतं. डिचोलीच्या युद्धासारखा लेख रचायला तेव्हा कुणाला तरी मेहनत घ्यावी लागली होती, आता अर्धं मिनिट पुरतं. एआयला "या विषयावर कुठली पुस्तकं असतील" एवढं विचारायला हरकत नाही, पण पुस्तक हातात घेऊन किंवा पीडीएफ उघडून ते पान तुम्ही बघेपर्यंत तो संदर्भ नाही.

बऱ्याच जणांना वाटतं संदर्भ ऑनलाइनच असला पाहिजे, मोफतच उघडला पाहिजे, इंग्रजीतच असला पाहिजे. यातलं एकही खरं नाही. छापील पुस्तक, जुना दिवाळी अंक, ग्रंथालयातला गॅझेटियर, पैसे भरून वाचायचं जर्नल, सगळं चालतं, फक्त कुणालातरी कष्ट घेऊन तो मिळवता आला पाहिजे. घरातली अप्रकाशित पत्रं किंवा फोनवर झालेलं बोलणं चालत नाही कारण ते कुणालाच मिळवता येणार नाही. आणि नियमित संपादन करत राहिलात तर विकिपीडिया लायब्ररी म्हणून एक सोय आहे, खातं सहा महिन्यांचं झालं, एकूण ५०० संपादनं झाली, गेल्या महिन्यात किमान १० केली आणि खात्यावर बंदी नसली की जेस्टोरसारखे शोधनिबंधांचे मोठे संग्रह फुकट वाचायला मिळतात. फार कमी लोकांना हे माहितीये.

आता तुमच्या त्या लेखाचं काय करायचं ते सांगतो. सगळे चार परिच्छेद परत टाकू नका, उलटवाउलटवी सुरू झाली आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदी येऊ शकते, मग बरोबर असलात तरी उपयोग नाही. 'इतिहास' मध्ये तुमची आवृत्ती आहेच, कुठे गेलेली नाही, ती तुमच्या धूळपाटीवर, म्हणजे तुमच्या सरावाच्या पानावर, कॉपी करा. जन्म आणि शिक्षणाचा परिच्छेद आधी घ्या, त्यासाठी एखादा चरित्रकोश किंवा त्यांच्यावर विज्ञान अकादमीनं काढलेला स्मृतिलेख मिळतोय का बघा, शास्त्रज्ञांच्या बाबतीत असे लेख बरेचदा असतात. पुरस्कारांना पुरस्कार देणाऱ्या संस्थेची विजेत्यांची यादी पुरेल. संशोधनाच्या परिच्छेदाला मात्र दुसऱ्या अभ्यासकानं लिहिलेलं काहीतरी लागेलच, ते मिळेपर्यंत फक्त "अमुक विषयावर काम केलं" इथपर्यंतच लिहा, महत्त्वाचं होतं की नाही त्यात आत्ता शिरू नका. वर्तमानपत्राच्या त्या बातमीची तारीख आठवत असेल तर शोधून ठेवा, ती नक्की वापरता येईल. मग लेखाच्या चर्चा पानावर उलटवणाऱ्या सदस्याला साद घालून धूळपाटीची लिंक द्या आणि एक एक परिच्छेद टाकत जा, संपादन सारांशात कुठला स्रोत घातला ते लिहा. तिथं दोन दिवसांत कुणी काही बोललं नाही तर मला सांगा, मी येऊन संदर्भ तपासून देतो.